चीताच्या जागी कोण? लाइट युटिलिटी हेलिकॉप्टरची पार्श्वभूमी

६ सप्टेंबर २०१६ रोजी बंगळूरच्या एचएएल (हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही सरकारी विमान कंपनी) विमानतळावरून एक नवे कोरे हेलिकॉप्टर उडाले आणि पंधरा मिनिटांनी सुखरूप खाली आले. उन्नी पिल्लै आणि अनिल भांबानी हे दोन निवृत्त विंग कमांडर ते चालवत होते. हेच ते लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर, म्हणजे एलयूएच. त्या पंधरा मिनिटांमागे बरीच वर्षे आहेत, आणि ती समजून घ्यायची तर आधी चीताची, म्हणजे आपल्या लष्कराच्या जुन्या हलक्या हेलिकॉप्टरची, गोष्ट सांगावी लागते.

आम्हा नाशिकरोडकरांना चीता ओळखायला मान वर करावी लागत नाही, आवाज पुरतो. इथल्या गांधीनगरला लष्करी वैमानिकांचे प्रशिक्षण केंद्र आहे. मान वर केलीच, तर पुढे काचेचा मोठा फुगा दिसतो आणि मागे शेपटीच्या जागी नुसत्या नळ्यांची जाळी. त्या जाळीतून पलीकडचे आभाळ दिसते. लहानपणी वाटायचे, हे बांधायचे अर्धवट राहिले असावे. पत्रा मुद्दामच लावलेला नाही, वजन वाचवायला, हे पुष्कळ उशिरा कळले.

१९६२ मध्ये फ्रान्सच्या सूद अ‍ॅव्हिएशनशी परवाना करार झाला आणि आल्युएत-३ हे हेलिकॉप्टर 'चेतक' नावाने आपल्याकडे बनू लागले. चांगले यंत्र, पण हिमालयात अजून वर जाणारे काहीतरी हवे होते. भारताच्या या गरजेसाठी फ्रेंचांनी १९६८ मध्ये एक जोडकाम सुरू केले: सांगाडा जुन्या, हलक्या आल्युएत-२ चा, इंजिन आणि पंखे आल्युएत-३ चे. १७ मार्च १९६९ ला ते प्रथम उडाले. नाव लामा. आपल्याकडे एचएएलने बनवलेला तोच चीता.

खरी खुबी इंजिनात आहे. आर्तुस्त इंजिनाची मूळ ताकद ८७० अश्वशक्ती, पण ते ५५० वरच बांधून ठेवलेले. खाली ही उधळपट्टी वाटेल. पण जसजसे वर जावे तशी हवा विरळ होते, इंजिनाचा दम कमी होतो आणि पंख्यालाही धरायला हवा उरत नाही. खाली न वापरलेली ताकद नेमकी तिथे कामी येते. १९६९ मध्येच हिमालयातल्या प्रात्यक्षिकात लामा साडेसात हजार मीटर उंचीवर उतरले आणि पुन्हा उडाले. २१ जून १९७२ ला झाँ बुले यांनी फ्रान्समध्ये ते १२,४४२ मीटरपर्यंत नेले. तिथे इंजिन विझले ते पुन्हा पेटलेच नाही. नुसत्या वाऱ्यावर फिरणाऱ्या पंख्याच्या भरवशावर बुले यांनी ते जमिनीपर्यंत उतरवले.

ही फ्रेंच करामत आपल्या रोजच्या वापरात आली ती सियाचीनमुळे. १३ एप्रिल १९८४ ला ती हिमनदी ताब्यात घेण्याचे ऑपरेशन मेघदूत सुरू झाले, तेव्हा कॅप्टन संजय कुलकर्णी (पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले) आणि त्यांच्या जवानांना बिलाफोंड ला या खिंडीत चीतांनीच पोहोचवले, एका खेपेला दोन-दोन जवान असे करून. तेव्हापासून वरच्या ठाण्यांचे रॉकेल, औषधे, टपाल, आजारी आणि हिमदंश झालेले जवान, सगळे चीतावर. 'सोनम' ठाणे सुमारे ६,४०० मीटरवर आहे. तिथे जाताना रॉकेलचा एखादा जेरीकॅन जास्त घ्यायचा की नाही, याचाही हिशेब होतो. वैमानिक इंजिन बंद करत नाही. पंखा फिरता असतानाच सामान खाली ढकलले जाते आणि मिनिटाच्या आत यंत्र पुन्हा हवेत. आयुष्यभर हे काम करणाऱ्या माणसांविषयी मला अतोनात आदर वाटतो, आणि त्यांच्या हाती इतकी वर्षे तेच यंत्र राहिले याची खंतही.

ते का राहिले? बदली यंत्र घ्यायचे ठरले नव्हते असे नाही. परदेशातून १९७ हलकी हेलिकॉप्टरे घेण्याची निविदा २००३ मध्ये निघाली. चाचण्यांनंतर युरोकॉप्टरच्या फेनेकची निवड झाली आणि डिसेंबर २००७ मध्ये सगळे रद्द. पुढच्याच वर्षी दुसरी निविदा आली. त्यात फेनेकसमोर रशियाचे कामोव्ह होते. पुन्हा चाचण्या, पुन्हा वर्षे. ऑगस्ट २०१४ मध्ये तीही रद्द. पुढच्या वर्षी कामोव्ह-२२६टी भारतात बनवण्याचा करार रशियाशी झाला, तोही मार्गी लागला नाही. चीता-चेतकचे अपघात मात्र थांबत नव्हते. २०१५ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींचा एक गट तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांना भेटला आणि ही जुनी हेलिकॉप्टरे थांबवा, अशी मागणी केली. संरक्षण खरेदीच्या फायलीत हे दुःख कुठे नोंदवले जात नाही, म्हणून इथे नोंदवतो.

या घोळात एक धागा स्वतंत्रपणे पुढे सरकत होता. फेब्रुवारी २००९ मध्ये सरकारने एचएएलला स्वतःचे तीन टनी हेलिकॉप्टर बनवायला मंजुरी दिली. त्याला एकच इंजिन ठेवले. दोन इंजिने असती तर एक बंद पडल्यावर दुसऱ्याचा आधार असता, हा आक्षेप खरा आहे. पण दुसऱ्या इंजिनाचे वजन म्हणजे वरच्या ठाण्यावर न पोहोचलेले सामान, आणि मला ही निवड पटते. इंजिन ७५० किलोवॅटचे शक्ती-१यू, फ्रेंच सहकार्यातून आलेले, एचएएलच्याच ध्रुव हेलिकॉप्टरच्या शक्ती इंजिनाचे भावंड. वैमानिकांपुढे सुयांच्या घड्याळांऐवजी पडदे, आणि मागे सहा माणसांची जागा.

पहिल्या उड्डाणानंतर दुसरा नमुना मे २०१७ मध्ये उडाला, तिसरा डिसेंबर २०१८ मध्ये. उन्हाळी चाचण्यांसाठी हेलिकॉप्टर २०१८ मध्ये आपल्या नागपूरला आले होते. गरम हवाही विरळच असते, त्यामुळे विदर्भाचा उन्हाळा या कामाला अगदी सोयीचा. त्याच वर्षी चेन्नईला समुद्रसपाटीच्या चाचण्या झाल्या आणि २०१९ मध्ये लेहला थंडीच्या. २०२० च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ते लडाखमधल्या, पाच हजार मीटरवरच्या दौलत बेग ओल्डीला उतरले, सियाचीनच्या हेलिपॅडवरही जाऊन आले. तिथे ते सामान घेऊन पोहोचले, तेव्हा खरा प्रश्न सुटला असे म्हणता येईल. कारण चीताची जागा घ्यायची तर परीक्षा तिथेच होती.

हवाई दलाच्या आवृत्तीला प्राथमिक परवानगी फेब्रुवारी २०२० मध्ये लखनौच्या डिफेन्स एक्स्पोत मिळाली, लष्कराच्या आवृत्तीला वर्षभराने. ऑटोपायलटच्या कामाने पुढचा वेळ खाल्ला. कर्नाटकात तुमकूरला ६१५ एकरांवरच्या कारखान्याची पायाभरणी जानेवारी २०१६ मध्ये झाली होती. त्याचे उद्घाटन ६ फेब्रुवारी २०२३ ला झाले. सुरुवातीला वर्षाला तीस हेलिकॉप्टरे, पुढे साठ आणि मग नव्वद, असे नियोजन जाहीर झाले. लष्कर आणि हवाई दलाची मिळून गरज १८७ ची मांडली गेली होती, आणि २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने मान्यता दिली ती पहिल्या बारांना.

गांधीनगरला विंग्ज घेऊन बाहेर पडणारी मुले आता पंचविशीतली असतात. ज्या जातीच्या यंत्रावर ती सियाचीनला जातात, त्याचे पहिले उड्डाण झाले तेव्हा त्यांचे वडीलही जेमतेम पाळण्यात होते.