डोमेन दुसरीकडे, होस्टिंग आमच्याकडे: नेमसर्व्हरला हात लावण्याआधी

‘नवी वेबसाइट दिसते आहे, पण कालपासून एकही मेल आला नाही.’ सप्टेंबरअखेरीस, हंगामाच्या तोंडावर गेस्ट हाऊसवाले आपापली साइट नवी करून घेतात, तेव्हा हा फोन ठरलेला. कारणही बहुतेक वेळा एकच असते. डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, ज्या कंपनीत घेतले तिथे लॉगिन करून कोणीतरी नेमसर्व्हर (त्या नावाचे सगळे पत्ते कुठे लिहिलेले आहेत ते सांगणारी नोंद) बदललेले असतात. बदलायची होती एक ओळ, बदलली अख्खी वही. हे पत्रक मुख्यतः त्या एका चुकीसाठी आहे.

आधी नेहमीचा प्रश्न: डोमेन एका कंपनीकडे आणि होस्टिंग दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेले चालते का? चालते. आमच्याकडून होस्टिंग घेणाऱ्यांना आम्ही स्वतःहून तेच सुचवतो, आणि डोमेनच्या विक्रीत मिळणारे दोन पैसे सोडून सुचवतो. होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा. मालकाशी पटले नाही, छप्पर गळायला लागले, की सामान उचलून दुसरीकडे जाता येते. नाव मात्र तुमचे तुमच्यापाशी हवे. गाळ्याच्या मालकानेच दुकानाचे नावही स्वतःच्या नावावर करून ठेवले असेल, तर तुम्ही जाणार कुठे? जमीन घेताना एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सात-बारा, पाहिल्याशिवाय आपल्याकडे कोणी विसाराचे पैसे देत नाही. डोमेनवर नाव कोणाचे हे मात्र दहा-दहा वर्षे कोणी तपासत नाही.

तपासायची खरी कसोटी सोपी आहे. हल्ली डोमेनची माहिती शोधली तर मालकाचे नाव झाकलेले असू शकते, म्हणून तिच्यावर विसंबू नका. डोमेन जिथे घेतले त्या कंपनीच्या साइटवर तुमच्या स्वतःच्या ईमेलने आणि तुमच्या फोनवर येणाऱ्या ओटीपीने लॉगिन होते का, एवढेच पाहा. होत असेल तर डोमेन तुमचे. साइट बनवणाऱ्या मुलाला फोन करावा लागत असेल तर ते सध्या त्याचे आहे, बिल तुमच्या नावाने आले असले तरी.

वेगळे ठेवण्यात तोटे नाहीत असे नाही. दोन बिले, दोन तारखा, आणि काही बिघडले की एक कंपनी दुसरीकडे बोट दाखवते. यातले तिसरे दुखणे आम्ही अंगावर घेतो: डोमेनचे नाव आणि तुम्हाला दिसणाऱ्या स्क्रीनचा फोटो पाठवा, दोष कुठल्या बाजूला आहे ते आम्ही सांगू, तो आमच्या बाजूला नसला तरी. सगळे एकाच बिलात हवे असणाऱ्यांना आम्ही डोमेनही घेऊन देतो, पण खाते तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर.

आता वहीची गोष्ट. आपण ‘डोमेन आणि होस्टिंग’ म्हणतो, पण कामे चार आहेत. नावाची नोंदणी, डीएनएस, वेबसाइटच्या फायली आणि मेल. चारही एका कंपनीकडे असू शकतात, चार कंपन्यांकडेही. डीएनएस ही वही आहे. या नावाची वेबसाइट कुठे, मेल कुठे टाकायचा, बुकिंगचे पान कुठे, हे तिच्यात ओळीओळीने लिहिलेले असते. वेबसाइटचा पत्ता म्हणजे ए रेकॉर्ड. मेलचा पत्ता म्हणजे एमएक्स. मेल खरोखर तुमच्याकडूनच निघाला याची साक्ष देणाऱ्या एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या नोंदी टीएक्सटी रेकॉर्डमध्ये. आणि नेमसर्व्हर म्हणजे यातली खरी वही कोणाच्या कपाटात आहे हे सांगणारी चिठ्ठी.

वेबसाइट आमच्याकडे आणायची तर जुन्या वहीतली ए रेकॉर्डची ओळ बदलली की झाले. नेमसर्व्हर बदलले तर जग जुनी वही उघडणेच बंद करते आणि आमच्याकडची नवी, जवळजवळ कोरी वही उघडते. तिच्यात तुमचे एमएक्स नाहीत, गूगलची पडताळणी नाही, बुकिंग इंजिनकडे जाणारी सबडोमेनची (मूळ नावाआधी एक शब्द जोडून केलेल्या नावाची) ओळ नाही, टेबलावर चिकटवलेल्या क्यूआर कोडमागचा मेनूही नाही. जुन्या वहीतले काही पुसले गेलेले नसते. तिला कोणी विचारत नाही, एवढेच.

तुम्ही म्हणाल, तुमच्याच स्वागताच्या मेलमध्ये नेमसर्व्हरची दोन नावे लिहिलेली असतात. असतात. ती नव्या, कोऱ्या डोमेनसाठी आहेत, ज्याच्यावर अजून मेल चालू नाही. आता त्या ओळींच्या वर आम्ही ठळक सूचना घातली आहे, पण घाईत सूचना कोण वाचतो.

नेमसर्व्हर बदलल्यावर मेलचे नेमके काय होते? समजा मोरजीतल्या एका होमस्टेचे मेल गूगलकडे आहेत. नवी वही उघडताना सीपॅनेल, म्हणजे होस्टिंगचे खाते चालवायचे सॉफ्टवेअर, त्यात आपणहून एक एमएक्स लिहिते, आणि तो आमच्याच सर्व्हरकडे बोट दाखवतो. परदेशातून खोलीची चौकशी करणाऱ्याचा मेल मग आमच्या सर्व्हरवर येतो. इथे त्या नावाची पेटीच नाही. सर्व्हर ‘असा कोणी इथे नाही’ म्हणून तो तिथल्या तिथे परत पाठवतो. मेलचा सर्व्हर बंद असता तर पाठवणाऱ्याच्या बाजूने काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न झाले असते. इथे नकार पक्का असतो, म्हणून दुसरा प्रयत्न होत नाही. चूक सुधारल्यावर हे मेल मागाहून येत नाहीत. गेले ते गेले.

त्यात भर म्हणजे सगळे एकदम थांबत नाही. डॉट कॉमच्या वरच्या पातळीवर नेमसर्व्हरची चिठ्ठी १,७२,८०० सेकंद, म्हणजे ४८ तास जपून ठेवायला सांगितलेली असते. ‘२४ ते ४८ तास लागतील’ हे पालुपद तिथून आले. दोन दिवस काही जण जुनी वही पाहतात, काही नवी. म्हणून अर्धे मेल येत राहतात, आणि सगळे ठीक आहे असे वाटते.

बरोबर रीत अशी. आदल्या दिवशी जुन्या डीएनएसच्या पानावर जाऊन प्रत्येक ओळीचा फोटो काढा; एक्स्पोर्टची सोय असेल तर फाइल उतरवून घ्या. मग फक्त ए रेकॉर्डचा टीटीएल ३०० करा. टीटीएल म्हणजे उत्तर किती सेकंद लक्षात ठेवायचे ते. सीपॅनेलमध्ये तो सहसा १४,४०० असतो, म्हणजे चार तास; काही ठिकाणी ८६,४००, म्हणजे पुरा दिवस. तो जुना आकडा संपायला वेळ द्यावा लागतो, म्हणून हे काम आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी ए रेकॉर्डमध्ये आम्ही दिलेला आयपी पत्ता (आमच्या सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता) घाला. बदल पाच-दहा मिनिटांत दिसू लागतो, आणि काही चुकले तर तितक्याच वेळात मागे फिरता येते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची ओळ मूळ नावाकडे वळवलेली सीनेम असेल तर तिला काही करायचे नाही. ती स्वतंत्र ए रेकॉर्ड असेल तर तीही बदला, नाहीतर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून एक साइट आणि न लावता दुसरी.

एमएक्सला हात लावू नका, पण तो वाचा जरूर. मेल गूगल, झोहो किंवा मायक्रोसॉफ्टकडे असतील तर एमएक्समध्ये त्यांच्या सर्व्हरची नावे दिसतील, मग काळजी नाही. मेल जुन्या होस्टिंगवरच असतील तर एमएक्ससमोर बऱ्याचदा तुमच्या डोमेनचेच नाव असते. तिथे ए रेकॉर्ड बदलला की मेलही त्याच्यामागून आमच्याकडे येतात, आणि पुन्हा तोच गोंधळ. अशा वेळी आधी ‘मेल’ नावाचे सबडोमेन जुन्या आयपीवर ठेवा, एमएक्स त्याच्याकडे वळवा, आणि मगच ए रेकॉर्ड बदला. ‘मेल’ आधीपासून असेल तर ती मूळ नावाच्या मागे जाणारी सीनेम नाही ना, हे पाहून घ्या.

दुसरी ओळ एएएए रेकॉर्डची. हा आयपीव्ही६ चा पत्ता, आणि तो सगळे विसरतात. जुन्या कंपनीने तो घातलेला असेल आणि तुम्ही फक्त ए बदलला, तर ऑफिसच्या वायफायवर नवी साइट आणि जिओच्या फोनवर जुनी, असा प्रकार होतो. जिओचे नेटवर्क मुख्यतः आयपीव्ही६ वर चालते. तो पत्ता मिळाला की फोन तिकडेच जातो. ब्राउझरची कॅशे कितीही पुसा, फरक पडत नाही. ती ओळ काढून टाका, किंवा आमच्याकडून आयपीव्ही६ चा पत्ता घेऊन तिच्यात घाला.

ए रेकॉर्ड फिरल्यावरच एसएसएल प्रमाणपत्र आपोआप निघते, कारण ते देणारी संस्था त्या नावाच्या साइटवर येऊन खात्री करते. मधला थोडा वेळ ‘सुरक्षित नाही’ असे दिसेल. तासाभरानेही दिसत असेल तर कळवा. वहीत सीएए नावाची, म्हणजे प्रमाणपत्र कोणी द्यायचे ते ठरवणारी, ओळ असेल तर ती बहुधा आडवी येते आहे.

साइटवरचा संपर्काचा फॉर्म हे वेगळे दुखणे. फॉर्म भरला, ‘धन्यवाद’ आले, पण मेल पोहोचला नाही. मेल गूगलकडे असूनही सीपॅनेलमधले ईमेल राउटिंग ‘लोकल’वर राहिले, की आमचा सर्व्हर तुमचे मेल स्वतःच्याच पोटात ठेवू पाहतो, बाहेर पाठवतच नाही. ते ‘रिमोट’ हवे. आम्ही खाते उघडताना विचारून तसे करतो, म्हणून मेल कुठे आहेत ते खरे सांगा. फॉर्मचे मेल आमच्या सर्व्हरवरून तुमच्या नावाने निघतात, त्यामुळे एसपीएफमध्ये आमचा सर्व्हरही यायला हवा. त्यासाठी दुसरी एसपीएफ ओळ जोडू नका. एका नावाला एकच एसपीएफ चालते, दोन झाल्या की दोन्ही वाया. आहे त्याच ओळीत आमचा भाग घालायचा.

नेमसर्व्हर कधीच बदलू नयेत असे नाही. जुनी वही त्याच होस्टिंग कंपनीकडे असेल जिचे खाते तुम्ही बंद करणार आहात, तर ते बदलावेच लागतील. मग क्रम महत्त्वाचा. ओळींचे फोटो आम्हाला पाठवा, आम्ही आमच्या वहीत सगळे उतरवतो, जुन्याशी ताडून पाहतो, आणि मगच तुम्ही चिठ्ठी बदलायची. वार्षिक प्लॅनवाल्यांना यासाठी वेगळे पैसे नाहीत. डीएनएसएसईसी, म्हणजे वहीतल्या ओळींवरची डिजिटल सही, चालू असेल तर डोमेनच्या कंपनीकडची त्या सहीची खूण, म्हणजे डीएस नोंद, आधी काढा आणि दोन दिवस थांबा. नाहीतर सही तपासणाऱ्यांच्या लेखी, आणि त्यात गूगलचा डीएनएसही आला, तुमचे डोमेन अस्तित्वातच नाही. जुने होस्टिंगही निदान पंधरा दिवस चालू ठेवा.

‘ट्रान्सफर’ या शब्दाने बराच घोळ होतो. होस्टिंग बदलायला डोमेन ट्रान्सफर करावे लागत नाही. ट्रान्सफर म्हणजे नोंदणीची कंपनी बदलणे. त्याला कोड लागतो, पाच-सात दिवस जातात, आणि डॉट कॉमसारख्या डोमेनला त्यानंतर साधारण ६० दिवस कुलूप बसते. ते बटण चुकून दाबले असेल तर पैसे भरण्याआधी विचारा.

नूतनीकरण तुमच्या हाती राहते, म्हणून दोन गोष्टी. डोमेनच्या खात्यातला ईमेल त्याच डोमेनवरचा नको. डोमेन संपले की मेल बंद, आणि ‘संपले आहे’ हे सांगणारा मेल त्याच बंद पेटीत. दुसरे, ऑटो-रिन्यूवर झोपू नका. ऑक्टोबर २०२१ पासून कार्डातून ठरावीक वेळाने आपोआप पैसे कापण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम कडक झाले आहेत, आणि परदेशी कंपनीकडे तुमचे कार्ड नोंदलेले असूनही पैसे कापले न जाण्याची शक्यता असते. तारीख संपल्यावर डॉट कॉम लगेच हातचे जात नाही. पण ते रिडेम्प्शनमध्ये, म्हणजे सोडवून घेण्याच्या शेवटच्या मुदतीत, गेले की त्या ३० दिवसांत सोडवायला नेहमीच्या कितीतरी पट पैसे पडतात. एकदम तीन-चार वर्षांचे भरून टाका. १० वर्षांपर्यंत भरता येते. आणि ज्या कंपनीचे नाव कधी ऐकले नाही तिचे ‘नूतनीकरणाचे’ पत्र आले तर ते सरळ कचऱ्यात.

आम्ही तुमच्या डोमेनच्या खात्याचा पासवर्ड मागत नाही, दिलात तरी घेत नाही. फोनवर बसून ओळीओळीने सांगतो, बदल तुम्ही करायचा. वेळ जास्त जातो हे मान्य, पण किल्ली एकाच हातात राहते. शुक्रवारी संध्याकाळी किंवा चवथीच्या आदल्या दिवशी आम्ही हे काम करत नाही. काही चुकले तर पलीकडच्या कंपनीत फोन उचलायला कोणी नसते.

एवढे वाचूनही नेमसर्व्हर बदलून बसला असाल तर ते घाईने मागे फिरवू नका. मागे फिरवले की आणखी ४८ तासांचे तेच रडगाणे. लगेच फोन करा आणि जुन्या वहीचे फोटो पाठवा. आम्ही तुमचे एमएक्स आणि बाकीच्या ओळी नव्या वहीत दहा मिनिटांत भरतो. ज्यांच्याकडे चुकीचे उत्तर पोहोचले आहे त्यांना नवे मिळायला फार तर चार तास. दोन्ही वह्यांत एकच उत्तर असले की कोण कुठली उघडतो याने काही बिघडत नाही. फोटो नसतील तर मेल कोणाकडे आहेत तेवढे तरी सांगा. त्या कंपनीचे एमएक्स आम्हाला ठाऊक असतात. डीकिमची ओळ मात्र त्यांच्या पानावरून तुम्हालाच काढून द्यावी लागेल.