मॅकडॉनल्ड आडनावात किती रक्त, किती नाव?

मॅकडॉनल्ड म्हटलं की आपल्याला आधी बर्गर आठवतो, पण आडनाव मूळचं स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, तिथल्या बेटांवरचं. गेलिक भाषेत मॅक म्हणजे मुलगा, म्हणून हा डॉनल्डचा मुलगा, आणि मुलगी असेल तर मॅक नाही, निक लावतात, हे मला फार आवडलं. हा डॉनल्ड म्हणजे सोमरलेडचा नातू. सोमरलेड बेटांवरचा मोठा सत्ताधीश, ११६४ मध्ये स्कॉटलंडातल्या रेनफ्रू गावी मारला गेला. घराण्याच्या वंशावळी सांगतात की पूर्वज आयर्लंडचे राजे, पण नाव बघा ना, सोमरलेड हे जुन्या नॉर्स, म्हणजे नॉर्वेकडच्या व्हायकिंग दर्यावर्दींच्या भाषेतलं, उन्हाळ्यात सफरीला निघणारा असा अर्थ, म्हणजे चक्क व्हायकिंग नाव!

मग ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी डीएनए तपासला. वाय क्रोमोझोम बापाकडून मुलाकडे जवळपास जसाच्या तसा जातो, अगदी आडनावासारखा, मधे एखादाच बारीक बदल होतो आणि तोच पुढे खूण म्हणून उपयोगी पडतो. मॅकडॉनल्डांच्या शाखांच्या आणि मॅकअ‍ॅलिस्टर घराण्याच्या प्रमुखांचा वाय जुळला, आणि अशा खुणांवरून जे गट पाडतात त्यातल्या आर१ए गटातला तो निघाला, जो नॉर्वेत भरपूर आहे आणि पश्चिम स्कॉटलंडात कमी. (आर१ए आपल्याकडेही खूप सापडतो, पण ती फांदी वेगळी, हजारो वर्षांपूर्वीच फुटलेली, नातं जोडायला जाऊ नका.)

पण बहुतेक मॅकडॉनल्डांमध्ये हा वाय नाहीच. कारण प्रमुखाच्या जमिनीवर राहणारी, त्याच्या आश्रयाला आलेली माणसंही त्याचंच आडनाव लावायची.

नाव असं आश्रितांनाही मिळालं, घराण्याच्या चिन्हाचं उलटं आहे. घराण्याच्या शिक्क्यावर तेराव्या शतकापासून गलबत दिसतं, बिरलिन म्हणतात त्याला, दोन्ही टोकं उंच, एकच शीड, बांधणी थेट व्हायकिंग नावेची, फक्त सुकाणू बाजूला नसून मागे मधोमध. डीएनए जे आत्ता बोलला ते हे गलबत आधीपासून सांगत होतं! पण हे चिन्ह सगळ्या मॅकडॉनल्डांचं नाही, स्कॉटिश कायद्यात ढालीवरचं चिन्ह एकाच माणसाचं असतं, धाकट्या मुलालासुद्धा त्यात फरक करून एडिनबराच्या लॉर्ड लायनकडे, म्हणजे अशी चिन्हं नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, नोंद करावी लागते, त्याचं रजिस्टर १६७२ च्या कायद्यापासून आहे. बाकीच्यांनी लावायचा तो बिल्ला, त्यावर चिलखतातला हात लाल क्रॉस धरून असतो आणि भोवती बक्कल लावलेला पट्टा, तो पट्टा म्हणजे हे चिन्ह माझं नाही, मी ज्याचा माणूस आहे त्याचं आहे.