ड्वार्फांचं पहाडी शहर आलं कुठून?

फँटसी रोल-प्लेइंग गेममधलं (म्हणजे कल्पित जगातलं पात्र होऊन खेळायच्या खेळातलं) ड्वार्फांचं, म्हणजे डोंगरात राहणाऱ्या बुटक्या कारागिरांचं शहर म्हटलं की एक ठरलेलं चित्र समोर येतं. बर्फाचा डोंगर, कड्यात कोरलेला प्रचंड दरवाजा, आत खांबांच्या रांगा आणि मधोमध धगधगणारी भट्टी. नागपुरातला आमचा गट नव्या कॅम्पेनसाठी, म्हणजे अनेक बैठकांत चालणाऱ्या सलग खेळासाठी, असंच एक शहर रचायला घेतोय. त्याआधी हे चित्र कसं घडत गेलं ते एकदा मांडून ठेवतो. मला त्याचा माग काढताना प्रत्येक वळणावर खाण भेटली. आणि खाणीची गोष्ट नागपुरात बसून बोलायची नाही तर कुठे? इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, मॅंगनीज काढणारी मॉईल आणि कोळसा काढणारी वेकोलि (वेस्टर्न कोलफिल्ड्स) या तिघांचीही मुख्यालयं याच शहरात आहेत.

सुरुवात नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या पुराणकथांपासून करावी लागते. तिथे ड्वार्फ आहेत, पण त्यांचं शहर नाही. ‘व्होलुस्पा’ या जुन्या काव्यात त्यांच्या नावांची लांबलचक यादी येते, एका सोन्याच्या दालनाचा ओझरता उल्लेख येतो, बस. तिथला ड्वार्फ म्हणजे कारागीर, लोहार. थॉर या देवाचा हातोडा घडतानाची कथा आजही वाचताना भट्टीची धग जाणवते. ब्रोक हा ड्वार्फ भाता मारतोय, लोकी हा खोडकर देव माशीचं रूप घेऊन त्याच्या पापणीला चावतो, डोळ्यात उतरलेलं रक्त पुसायला ब्रोकचा हात क्षणभर भात्यावरून सुटतो आणि तेवढ्यानं हातोड्याचा दांडा आखूड राहतो. ही कथा रचणाऱ्याला भात्यावरचा हात सुटला तर काय होतं हे नक्की ठाऊक होतं.

पुढचा मोठा दुवा सोळाव्या शतकातल्या जर्मन भाषक खाणवस्त्यांचा. गेओर्ग अ‍ॅग्रिकोला हा योआखिमस्थाल या चांदीच्या खाणींच्या गावात डॉक्टर होता. 1556 साली प्रसिद्ध झालेला त्याचा खाणकामावरचा लॅटिन ग्रंथ पुढे कितीतरी पिढ्या वापरात होता. रहाट, पंप, हवा खेळवायचे भाते अशा सगळ्याची चित्रं त्यात आहेत. याच माणसानं 1549 च्या एका पुस्तकात खाणीत दिसणाऱ्या बुटक्या म्हाताऱ्यांबद्दल लिहिलं: अंगात खाणकामगाराचे कपडे, कमरेला चामडं, सतत कामात गढल्यासारखे, आणि कुणी खोडी काढली नाही तर निरुपद्रवी. आजच्या खेळातला ड्वार्फ कपड्यांसकट इथे उभा आहे. ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये छापलेल्या हिमगौरीच्या कथेतले सात बुटकेही डोंगरात धातू खणायलाच जातात.

या लोहाराला आणि खाणकामगाराला शहर मिळवून दिलं ते इंग्रज लेखक टोल्किननं. त्यानं ‘व्होलुस्पा’मधली ड्यूरिन, थोरिन ही नावं उचलली आणि 1954-55 मध्ये आलेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मोरिया हे डोंगराखालचं शहर उभं केलं. मिथ्रिल या मौल्यवान धातूच्या हव्यासानं ड्वार्फ फार खोल खणत गेले, खाली झोपलेलं संकट जागं झालं आणि शहर ओस पडलं. म्हणजे हे शहर वाचकाला पहिल्यांदा भेटलं तेच उद्ध्वस्त अवस्थेत. त्याचा परिणाम फार लांबवर झाला. 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलावर खेळायचा रोल-प्लेइंग गेम आला तेव्हा तळघरं आणि भुयारं हेच त्याचं मैदान होतं. त्यात ड्वार्फ पात्राला उतरते बोगदे, सरकत्या भिंती आणि नवं बांधकाम ओळखता येई. ही थेट खाणीत मुरलेल्या माणसाची नजर. पण शहर मात्र गमावलेलंच राहिलं. त्याच खेळाच्या फॉरगॉटन रेल्म्स या कल्पित जगातलं मिथ्रल हॉल हे ड्वार्फांचं शहरही ड्रॅगनच्या तावडीतून सोडवायचं असतं.

नांदतं शहर सर्वांत ठळकपणे दिसलं ते 2004 च्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या कॉम्प्युटर गेममधल्या आयर्नफोर्जमध्ये. मधोमध मोठी भट्टी, भोवती बँक, लिलावघर, दुकानं आणि स्टॉर्मविंड या माणसांच्या शहरापर्यंत धावणारी भुयारी ट्राम. 2009 च्या ‘ड्रॅगन एज: ओरिजिन्स’ या गेमनं एक अवघड प्रश्न विचारला. त्यातलं ऑर्झामार हे ड्वार्फांचं शहर जन्मावर ठरलेल्या उतरंडीवर उभं आहे. सर्वांत खालच्यांच्या चेहऱ्यावर खूण गोंदलेली असते आणि त्यांची वस्ती वेगळी असते. आपल्याकडच्या खेळाडूला हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या मते दगडी शहरांत हे सर्वांत प्रामाणिक शहर आहे, कारण सभागृह कुणाचं आणि घाण कुणाच्या वाट्याला, हे ते लपवत नाही.

‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ या कॉम्प्युटर गेमची गोष्ट निराळी. 2006 मध्ये तो पहिल्यांदा खेळाडूंच्या हाती आला, त्याच्याही आधीपासून दोन भाऊ तो घडवत आले आहेत आणि त्यात कुदळीचा प्रत्येक घाव मोजला जातो. पाणी धरलेल्या थरात खणलं की दालन भरतं, लाव्ह्यावर भट्टी चालते. श्वासाला हवा पुरते की नाही, हे मात्र तोही खेळ बघत नाही.

नेमकं हेच खऱ्या खाणीत सगळ्यात आधी बघावं लागतं. नागपूरजवळच्या सावनेर, सिल्लेवाडा भागातल्या भूमिगत कोळसा खाणींची रीत पाहा. मुख्य पंखा जमिनीवर. एका वाटेनं ताजी हवा आत, दुसरीनं वापरलेली बाहेर. मधे भिंती आणि दारं घालून ती कामाच्या टोकापर्यंत वळवत न्यायची. चुकीचं एक दार उघडं राहिलं तर हवा जवळची वाट धरते आणि टोकावरची माणसं कोंडतात. कोळसा काढतानाही चौकोनी खांब मागे ठेवत जायचं, त्यांच्यावर छत तोललेलं. खेळातल्या त्या भव्य खांबांच्या रांगांचं मूळ मला इथे दिसतं. खांब काढायचे झाले तर पोकळीत पाण्याबरोबर पाइपातून वाळू सोडून ती भरतात. त्याला स्टोइंग म्हणतात. मनसर, कांद्रीचा मॅंगनीज पट्टा रामटेकच्या वाटेवरच आहे, आणि मॉईलची मुळं 1896 च्या सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जातात. बालाघाटजवळची भरवेलीची त्यांची भूमिगत खाण आशियातल्या सर्वांत खोल मॅंगनीज खाणींत मोडते. आमच्या टेबलावरच्या दोघांच्या घरात बाप-आजा खाणीत उतरलेले आहेत. ‘सेकंड शिफ्ट’, ‘केज’ (खाणीत उतरायचा पिंजरा), ‘कॅप लॅम्प’ (टोपीवरचा दिवा) हे शब्द त्यांनी लहानपणापासून ऐकलेत.

म्हणून आमच्या शहराचा पहिला नकाशा हवेचा असेल. डोंगराला दोन तोंडं: एक वाऱ्याच्या बाजूला, दुसरं भट्टीच्या वर, म्हणजे तापलेली हवा वर निघताना ताजी आत ओढली जाईल. मधली दारं सांभाळणाऱ्यांचा एक संघ, आणि दार केव्हा उघडायचं यावर राजालाही त्यांचं ऐकावं लागेल. सर्वांत जुनी दालनं वाळूनं भरून बंद केलेली असतील. त्यातलं एक कुणीतरी पुन्हा उकरायला घेतलंय, आणि खेळाडू शहरात पोचतात त्या दिवशी खालच्या गल्ल्यांत दिवे मंद जळायला लागलेले असतात.