पार्श्वभूमी : शिडांच्या युद्धपटात शत्रू कोण आणि चाचा कोण?

शिडाच्या जहाजांवरचा युद्धपट आला की जाणकारांची चर्चा दोरखंडांपासून सुरू होते. शिडे बरोबर बांधली होती का, तोफांची संख्या जुळते का, गणवेशाची बटणे त्या सालातली आहेत का. या बाबतीत चित्रपटांनी गेल्या साठ-सत्तर वर्षांत खरोखरच मोठी मजल मारली आहे. दोन गोष्टी मात्र इतिहासापेक्षा बाजार आणि सवय यांच्यावर ठरत आल्या आहेत. शत्रू म्हणून कोणाला उभे करायचे ही एक, आणि त्याला काय म्हणायचे ही दुसरी. त्यातला एक शब्द, 'चाचा' म्हणजे समुद्री लुटारू, आपल्या कोकण किनाऱ्याशी येऊन भिडतो, म्हणून या टिपणात जास्त जागा त्यालाच दिली आहे.

हॉलिवूडचे सुरुवातीचे नौदलपट बव्हंशी स्टुडिओतल्या पाण्याच्या हौदात चित्रित केलेले होते. १९३५ सालच्या 'कॅप्टन ब्लड'मधली काही लढाई तर १९२४ च्या मूकपटातून उचललेली होती, बाकीचे काम छोट्या प्रतिकृतींनी भागवले. १९४० सालचा 'द सी हॉक' घडतो १६व्या शतकात, इंग्लंड आणि स्पेन यांच्या वैरात. पण पडद्यावरचा स्पेनचा राजा म्हणजे त्या दिवसांतला हिटलर, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागले नाही. शत्रू गेल्या काळातला, राग आजचा. पुढे हाच साचा टिकून राहिला.

अचूकतेला पहिला मोठा धक्का लाकडाने दिला. १९६२ च्या 'म्युटिनी ऑन द बाउंटी'साठी कॅनडातल्या लुनेनबर्ग येथील गोदीत आख्खे जहाज बांधले गेले. मात्र ते मूळ जहाजापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने मोठे होते, कारण कॅमेरे, माणसे आणि इंजिन यांना जागा हवी होती. म्हणजे जहाज खरे, माप खोटे. हेच जहाज ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळात बुडाले आणि त्यात कप्तानासह दोघांचा जीव गेला. त्याच गोदीत १९७० साली 'रोझ' नावाची प्रतिकृती बांधली गेली, १८व्या शतकातल्या एका लहान ब्रिटिश युद्धनौकेवरून. तीस वर्षांनी एका स्टुडिओने ती विकत घेतली, तिची डागडुजी केली, आणि ती पडद्यावरची ब्रिटिश युद्धनौका 'सरप्राइझ' झाली. २००३ सालचा 'मास्टर अँड कमांडर' हा तो चित्रपट.

या चित्रपटाने काय साधले हे समजायला एकच तोफ जवळून पाहावी. जुन्या चित्रपटांत तोफ उडते आणि जागच्या जागी राहते. कारण साधे आहे. गोळा न भरता नुसती दारू पेटवली तर तोफेला मागे ढकलायला जोरच उरत नाही. खरी बत्तीस पौंडी तोफ, म्हणजे बत्तीस पौंडांचा गोळा फेकणारी, गाड्यासकट तीन टनांच्या आसपास भरे. ती उडाली की मागे उसळे, जाड दोराला हिसका देऊन थांबे, आणि मग सहा-सात माणसे तिला कप्प्यांच्या दोरांनी ओढून पुन्हा खिडकीशी लावत. वाटेत पाय आला तर पाय गेला. गोळा भरीव लोखंडाचा असल्यामुळे तो फुटत नसे. माणसे मरत ती बहुधा फुटलेल्या फळ्यांच्या ढलप्यांनी. पडद्यावर मात्र वर्षानुवर्षे प्रत्येक गोळ्याच्या जागी आगीचा लोळ उठत आला. २००३ च्या चित्रपटात तोफ मागे उसळते, ढलपे उडतात, बारा-तेरा वर्षांची पोरे अधिकाऱ्याच्या अंगरख्यात वावरतात. त्याचे आवाज खऱ्या तोफा डागून ध्वनिमुद्रित केले होते आणि ध्वनिसंकलनाचे ऑस्कर त्याला मिळाले. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नच्या वादळाची दृश्ये एका प्रतिकृती जहाजावर बसून खुद्द त्या समुद्रात टिपलेली आहेत. इतके करूनही धुराच्या बाबतीत त्याला माघार घ्यावी लागली. खऱ्या लढाईत दहा मिनिटांत शेजारचे जहाज दिसेनासे होई, आणि असा चित्रपट कोण पाहणार? ही तडजोड मला मान्य आहे.

मान्य नाही ती दुसरी तडजोड. चित्रपट ज्या कादंबरीवरून मुख्यतः घेतला, तिच्यात शत्रूचे जहाज अमेरिकी आहे आणि काळ १८१२ च्या ब्रिटन-अमेरिका युद्धाचा. चित्रपटात काळ आला एप्रिल १८०५ आणि शत्रू झाला फ्रेंच. अमेरिकी प्रेक्षकाला अमेरिकी निशाण खलनायकाच्या डोलकाठीवर रुचणार नाही, हा हिशेब त्यामागे होता असे सर्रास मानले जाते. चित्रपट आला तेव्हा इराक युद्धावरून अमेरिकेत फ्रान्सबद्दल राग उसळलेला होता, म्हणून काहींनी बदलाचे मूळ तिथे शोधले. पण चित्रीकरण २००२ मध्येच झाले होते, तेव्हा तो राग यायचा होता. कारण त्याहून साधे आणि जुने आहे. तिकिटे कुठे जास्त विकायची आहेत, तेवढाच हा प्रश्न होता.

सात-आठ वर्षे मागे सरकवले तर बिघडले काय? बरेच. त्या कथेच्या मुळाशी खरी घटना आहे. १८१३ साली 'एसेक्स' हे अमेरिकी फ्रिगेट (मध्यम आकाराची वेगवान युद्धनौका) प्रशांत महासागरात शिरले, गॅलापागोसच्या परिसरात ब्रिटिश देवमासेमारीची जहाजे त्याने पकडली, आणि शेवटी मार्च १८१४ मध्ये चिलीतल्या वालपराइसोजवळ ब्रिटिशांनी त्याला गाठले. देवमासे, गॅलापागोस, जगाच्या टोकापर्यंतचा पाठलाग, हे सगळे तिथून येते. १८०५ मध्ये हे सगळे उपरे ठरते. शिवाय खरी 'सरप्राइझ' १८०२ मध्येच विकली गेली होती. ती मुळात फ्रेंचांनीच बांधलेली, १७९६ मध्ये ब्रिटिशांनी पकडलेली. शत्रूचे जहाज पडद्यावर उभे करताना तर अमेरिका पुन्हा मागच्या दाराने आली. 'अखेराँ' ही फ्रेंच नौका बॉस्टनमध्ये बांधलेली असल्याचे चित्रपटच सांगतो, आणि तिचा घाट उघडउघड 'कॉन्स्टिट्यूशन' या बॉस्टनच्या प्रसिद्ध युद्धनौकेचा आहे.

'कॉन्स्टिट्यूशन'चा मुंबईशीही एक धागा आहे. १८१२ च्या डिसेंबरात तिने ब्राझीलजवळ 'जावा' या ब्रिटिश जहाजाचा पाडाव केला. 'जावा'वर मुंबईच्या गोदीसाठी पाठवलेले एका नव्या युद्धनौकेचे आराखडे होते, तेही गेले. आराखडे दुसऱ्यांदा पाठवावे लागले आणि मुंबईच्या पारशी वाडियांनी सागवानात बांधलेली ती नौका, 'ट्रिंकोमाली', १८१७ मध्ये पाण्यात उतरली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, अजून तरंगते आहे.

आता शब्दाकडे. 'अखेराँ' हे फ्रेंच नौदलाचे जहाज नाही. ते आहे 'प्रायव्हेटीअर'. म्हणजे मालक खासगी, पण हातात आपल्या सरकारचा परवाना, की शत्रूची जहाजे पकडावीत, न्यायालयापुढे मांडावीत आणि न्यायालयाने कौल दिला की विकून पैसा वाटून घ्यावा. युरोपात ही कायदेशीर पद्धत होती. १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्याने ती रद्द ठरवली, आणि त्यावर अमेरिकेने तेव्हा सही केली नाही. अशी जहाजे सहसा लहान आणि चपळ असत. १८०० साली बंगालच्या उपसागरात 'केंट' हे ईस्ट इंडिया कंपनीचे भलेथोरले जहाज पकडणारी फ्रेंच नौका अठरा तोफांची होती. 'अखेराँ'सारखे चव्वेचाळीस तोफांचे धूड खासगी मालकाच्या हाती असणे म्हणूनच पटत नाही.

मराठीत 'प्रायव्हेटीअर'ला रुळलेला शब्द नाही. आपण सरळ 'चाचा' म्हणून मोकळे होतो. परवानाधारक आणि चाचा यांतला फरक एका कागदाचा, पण त्या कागदावर फास की बक्षीस हे ठरत असे. हा फरक विसरणे आपल्याला परवडणारे नाही, कारण तो पुसून टाकल्याचा सर्वात मोठा फटका आपल्याच किनाऱ्याला बसला.

कान्होजी आंग्रे मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, होते. १७१३ मध्ये त्यांनी छत्रपती शाहूंचा पक्ष घेतला आणि त्याच वर्षी मुंबईकर इंग्रजांनी त्यांच्याशी तह केला. चाच्याशी तह कोण करतो? त्यांच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने त्यांचे दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावे, नाहीतर जप्ती, ही त्यांची रीत. पोर्तुगीज 'कार्ताझ' देऊन हेच १६व्या शतकाच्या आरंभापासून करत होते, आणि त्यांना कोणी चाचे म्हणत नाही. तहानंतर वाद पेटला तो व्यापाराच्या नेमक्या कलमावर. इंग्रजी निशाणाखाली जाणारा देशी व्यापाऱ्यांचा मालही इंग्रजांचाच समजायचा का? कान्होजींचे उत्तर नाही असे होते. हा सागरी कायद्याचा वाद आहे, दरोड्याचा नव्हे. कंपनीच्या दप्तरात मात्र एकच शब्द पक्का झाला, 'पायरेट', आणि तिथून तो इंग्रजी इतिहासांत, साहसकथांत आणि शेवटी पडद्यावर गेला.

२००७ सालच्या 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' मालिकेतल्या तिसऱ्या चित्रपटात जगभरच्या नऊ चाचेनायकांची सभा भरते. त्यात हिंदी महासागराचा नायक म्हणून बसलेला आहे 'श्री सुंभाजी'. नाव कान्होजींचे पुत्र संभाजी आंग्रे यांचे. १७३५ मध्ये 'डर्बी' हे कंपनीचे जहाज पकडून मुंबईला हादरवणारे हेच. चित्रपट कल्पनारम्य आहे, सागरी देवता आणि मेलेली माणसे त्यात हिंडतात, तेव्हा त्याच्याकडून अचूकता मागू नये असे म्हणता येईल. पण त्या चित्रपटाची खलनायक ईस्ट इंडिया कंपनी आहे. तीही कॅरिबियन समुद्रात, जिथे तिचा काडीचा अधिकार नव्हता. तिची मक्तेदारी केप ऑफ गुड होपच्या पूर्वेला. कंपनीला खलनायक ठरवूनही कंपनीच्या शत्रूसाठी चित्रपटाने वापरला तो कंपनीचाच शब्द. सुंभाजीचा फेटा पाहून आपल्याकडे टाळ्या पडतात, हे मला बोचते.

शब्दाची दुसरी बाजू १७५६ मध्ये दिसते. फेब्रुवारीत ब्रिटिश नौदल आणि कंपनी यांनी, पेशव्यांच्या संगनमताने, तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग घेतला. आंग्र्यांचे आरमार बंदरातच जळाले. किल्ल्यात सापडलेली सुमारे दहा लाखांची संपत्ती जिंकणाऱ्यांनी आपसात वाटून घेतली, पेशव्यांना त्यातले काही मिळाले नाही. त्या वाटणीला म्हणायचे 'प्राइझ मनी'. 'मास्टर अँड कमांडर'मधले खलाशी ज्या पैशाच्या आशेने हरखतात, तोच हा.

तेव्हा आंग्र्यांची लढाई कधी कोणी पडद्यावर आणायचे ठरवले तर तिला २००३ च्या चित्रपटाची नक्कल उपयोगी पडणार नाही. मी पाहिलेल्या हिंदी-मराठी दृश्यांत आपली जहाजे युरोपीय जहाजांसारखी बाजूला बाजू लावून भडिमार करतात. तसे लढणे गुराबीला, म्हणजे आंग्र्यांच्या मुख्य लढाऊ जहाजाला, आत्मघातकी ठरले असते. कंपनीच्याच एका इतिहासकाराने १८व्या शतकात वर्णन करून ठेवले आहे. गुराब दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, दोन डोलकाठ्यांची असेल तर दीडशे टनांच्या आतली. पाण्यात कमी बुडणारी, मध्ये रुंद, पुढे लांब निमुळती नाळ (जहाजाचे पुढचे टोक), आणि त्या नाळेवरून मारा करणाऱ्या नऊ किंवा बारा पौंडी दोन तोफा. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टन, त्याला चाळीस-पन्नास वल्ही. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे खडक कापून केलेली सुमारे साडेतीनशे फूट लांबीची गोदी अजून आहे. भरती-ओहोटीच्या वेळी तिच्या काठावर उभे राहिले की जहाज आत कसे घेत असतील ते कळते.

आणि लढाई अशी. वारा पडलेला. एक मोठे व्यापारी जहाज शिडे लोंबकळत उभे. किनाऱ्याच्या बाजूने गलबते वल्हवत निघतात, मागे दोरांनी गुराबी ओढत आणतात, आणि सगळी त्या जहाजाच्या पिछाडीला जमतात, जिथे त्याच्या बाजूच्या तोफा पोहोचत नाहीत. मारा डोलकाठ्यांवर. एक कोसळली, दुसरी कोसळली, की जहाज जागचे हलत नाही. मग गलबते चहूबाजूंनी भिडतात आणि दोन-तीनशे माणसे तलवारी घेऊन वर चढतात.