पाणी मुरवणे आणि पाणी साठवणे: दोन्ही कामांना एकाच पद्धतीने पैसा का पुरवू नये

कोरडवाहू शेतीसाठी पावसाचे पाणी अडवण्याच्या योजना आखताना दोन वेगळी कामे बहुधा एकाच नावाखाली मंजूर होतात. पडलेला पाऊस समतल बांध, दगडी बांध, सरी-वरंबे किंवा आच्छादन यांच्या साहाय्याने जागच्या जागी जमिनीत मुरवणे हे पहिले काम, तर शेतातून वाहून जाणारे पाणी शेततळ्यात साठवून पावसाच्या खंडात ते पिकाला देणे हे दुसरे. दोन्हींना जलसंधारणच म्हटले जाते आणि ती एकाच शेतात असूही शकतात. परंतु त्यांचा खर्च, लाभ आणि धोका इतका निराळा आहे की एकाला योग्य ठरणारी अर्थसाहाय्याची रीत दुसऱ्याला मारक ठरते.

आधी शेततळ्याचा हिशेब पाहू. वर २० बाय २० मीटर, खोली ३ मीटर आणि बाजूंना दीडास एक उतार (दीड मीटर आडव्या अंतराला एक मीटर खोली) असलेल्या तळ्यात सुमारे ७४० घनमीटर पाणी मावते. कोरड्या हवेत उघड्या पाण्यातून दिवसाला ६ मिलीमीटर बाष्पीभवन धरले, तर तीन महिन्यांत जवळजवळ पाव हिस्सा पाणी हवेतच जाते, आणि अस्तर नसेल तर पाझर वेगळा. एका हेक्टरवर १ मिलीमीटर पाणी म्हणजे १० घनमीटर; त्यामुळे उरलेल्या पाण्यातून एका हेक्टरला ५० मिलीमीटर पाण्याची एक पाळी जेमतेम निघते. ही एक पाळी क्षुल्लक मात्र नाही. फुलोऱ्यात किंवा दाणे भरताना पावसाने ताण दिला, तर तीच पीक वाचवते. म्हणून तळ्याला पैसा द्यावा, पण तो संरक्षित पाण्यासाठी आहे, बारमाही बागायतीसाठी नाही, हे मंजुरीच्या वेळीच स्पष्ट असावे.

तळ्याचा खर्च एकदम होतो, मालक एकच असतो आणि लाभही त्यालाच मिळतो. त्यामुळे त्याला अंशतः अनुदान आणि अंशतः कर्ज ही रचना शोभते. फक्त हप्ते दरमहा न ठेवता पीक विकल्यानंतरचे ठेवावेत आणि दुष्काळी वर्षात ते आपोआप पुढे ढकलले जावेत. ज्या वर्षी तळे भरलेच नाही, त्या वर्षी तळ्याचे कर्ज मागणे अन्यायाचे आहे.

मुरवण्याच्या कामाचे अर्थकारण याच्या अगदी उलट आहे. त्यात यंत्र किंवा वस्तू थोडी आणि मजुरी फार. फायदा मातीतील ओलीच्या रूपाने हळूहळू दिसतो, त्यातला काही उताराखालच्या शेजाऱ्याला मिळतो, आणि जमीन कसणारा मालक नसेल तर दुसऱ्याच्या जमिनीत श्रम ओतण्याचे धाडस तो सहसा करत नाही. बँकेला तारण म्हणून दाखवावे असे यात काहीच उभे राहत नाही. अशा कामाला कर्ज देणे म्हणजे गरीब शेतकऱ्याला त्यापासून दूर ठेवणे होय.

पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो या देशाच्या यातेंगा भागाचे उदाहरण मला या बाबतीत फार मोलाचे वाटते. तिथे १९८०च्या सुमारास याकूबा सावादोगो यांच्यासारख्या शेतकऱ्यांनी झाई ही जुनी पद्धत सुधारली: कोरड्या दिवसांत कडक जमिनीत लहान खड्डे खणायचे आणि त्यांत शेणखत घालायचे, म्हणजे पहिल्या पावसाचे पाणी व खत दोन्ही रोपाच्या मुळाशीच राहतात. त्याच भागात ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या एका प्रकल्पाने पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने समपातळी रेषा आखायला शेतकऱ्यांना शिकवले, आणि त्या रेषांवर दगडी बांध घातले गेले. खड्डे खणण्याचे श्रम शेतकऱ्याजवळ होते; कमी होती ती नेमकी आखणी, दगड वाहून आणण्याची सोय आणि पुरेसे खत. पैसा या उणिवांवर खर्च झाला, तर थोड्या रकमेत बरीच जमीन सावरते.

तरीही निधीचा ओढा तळ्यांकडेच राहतो, कारण तळे मोजता येते आणि त्याचे छायाचित्र काढता येते; मातीत मुरलेले पाणी असे दाखवता येत नाही. या सोयीची किंमत मोठी आहे. वरच्या शेतात बांधबंदिस्ती नसेल, तर प्रत्येक जोरदार पावसाबरोबर माती वाहून येते आणि अनुदानातून खोदलेले तळे गाळाने भरू लागते. त्याहून गंभीर प्रकार म्हणजे विंधन विहिरीचे पाणी उपसून अस्तर घातलेल्या तळ्यात भरणे. यात पावसाचा थेंबही अडवला जात नाही. जमिनीखाली सुरक्षित असलेले आणि सर्वांच्या वाट्याचे पाणी एकाच्या तळ्यात उन्हाला उघडे पडते. अशा तळ्याला जलसंधारणाच्या निधीतून एक पैसाही मिळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यामुळे तळ्याच्या अर्जासोबत पाणलोटाचे क्षेत्र, पाणी आत येण्याची वाट, गाळ अडवण्याची सोय आणि सांडवा (जादा पाणी बाहेर जाण्याची वाट) यांची पाहणी सक्तीची असावी, आणि वरच्या बाजूच्या मृदसंधारणाची रक्कम आधी द्यावी. मुरवण्याच्या कामासाठी मजुरीचा मोठा भाग काम होताच मिळावा. मात्र काही रक्कम दोन पावसाळे उलटल्यावर, फुटलेले बांध दुरुस्त झाल्याचे पाहून द्यावी. जमीन खंडाने घेतलेली असेल, तर ही रक्कम प्रत्यक्ष राबणाऱ्याच्या हाती पडेल आणि निदान तेवढा काळ जमीन त्याच्याकडेच राहील, अशी लेखी हमी मालकाकडून पहिल्या हप्त्यापूर्वी घ्यावी.