पडद्याची रात्रीची जुळवणी

संगणकाचा पडदा मंद उजेडात डोळ्यांना खुपू नये म्हणून त्याची प्रखरता, रंगछटा आणि भोवतालचा प्रकाश यांत केलेले बदल. चर्चा पिवळसर छटेची जास्त होते; खरा फरक प्रखरतेने पडतो.

प्रखरता शक्यतो मॉनिटरच्या बटणांनीच उतरवावी. एलसीडीत त्यामुळे मागचा बॅकलाइट मंदावतो. चित्रावर काळा थर चढवणारे सॉफ्टवेअर बॅकलाइटला हात लावत नाही. पांढरा राखाडी होतो, काळ्यातून झिरपणारा उजेड मात्र तसाच राहतो आणि अक्षरांचा उठाव जातो. मॉनिटरला डीडीसी-सीआयची (संगणकाने केबलमधून मॉनिटरला आज्ञा देण्याची) सोय असेल तर प्रखरता संगणकावरूनही बदलता येते. किती उतरवावी? पांढरा कागद पडद्याशेजारी धरावा. पडद्यावरचे कोरे पान त्याहून फार उजळ दिसू नये. खोलीत अंधारच असेल तर ही कसोटी चालत नाही. तेव्हा आधी पडद्यामागे, भिंतीवर उजेड पडेल असा छोटा दिवा लावावा.

काही पडदे, विशेषतः ओलेड (बॅकलाइटशिवाय, ज्यांचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो), प्रखरता कमी करताना प्रकाश सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करतात. ही लुकलुक डोळ्याला दिसत नाही, पण काहींचे डोके दुखते. अशा पडद्याची प्रखरता मध्यम ठेवून वरून काळा थर द्यावा. एलसीडीवर टाकाऊ ठरलेला उपाय इथे कामी येतो.

डोळ्यांतील मेलानोप्सिनयुक्त पेशींना सुमारे ४८० नॅनोमीटरचा निळा प्रकाश सर्वाधिक जाणवतो आणि त्यांच्या संकेताने झोपेशी निगडित मेलॅटोनिन हे संप्रेरक दबते. म्हणून २००९ मध्ये आलेले एफ-लक्स हे सॉफ्टवेअर, आयफोनवरील नाइट शिफ्ट (२०१६) आणि विंडोज १० मधील नाइट लाइट (२०१७) रात्री निळा बराच व हिरवा थोडा घटवतात. छटा केल्व्हिनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी तितकी ती पिवळसर. दिवसाचा पांढरा ६५०० केल्व्हिनचा. सुरुवात ४००० पासून करावी, सवय झाली की ३४०० पर्यंत उतरावे. २७०० म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बची छटा. निळा घटवताना त्याच्या तीव्रतेच्या २५६ पायऱ्यांतल्या निम्म्याच उरल्या की आकाशासारख्या सलग छटांत पट्टे दिसतात. कधी माउसचा बाण पांढराच राहतो, कारण तो ग्राफिक्स कार्ड वेगळा काढते. छायाचित्रांचे रंग सुधारताना ही सोय बंदच हवी.

गडद थीम सर्वांना मानवत नाही. अंधारात बाहुली मोठी होते आणि दृष्टिवैषम्य (डोळ्याची असमान वक्रता) असल्यास काळ्यावरची पांढरी अक्षरे फिसकटतात. शुद्ध काळ्याऐवजी गडद राखाडी पार्श्वभूमी आणि फिकट राखाडी अक्षरे घेतल्यास हा त्रास घटतो. लांबलचक वाचनाला मात्र नीट मंद केलेले पांढरे पानच अनेकांना सोपे जाते.