प्रतिसूर्य

सूर्य फार वर नसताना त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला, त्याच्याच उंचीवर, कधी कधी झगझगीत ठिपके उमटतात. त्यांना प्रतिसूर्य म्हणतात. सूर्याकडची कड तांबूस, मग पिवळसर छटा आणि बाहेरच्या अंगाला पांढुरकी शेपटी, असे त्यांचे रूप. कधी दोन्ही दिसतात, कधी एकच. सूर्यापासून त्यांचे अंतर सुमारे २२° असते. हात लांबवून पंजा ताणला, की अंगठ्यापासून करंगळीपर्यंतची वीत साधारण तेवढीच भरते. शोधताना सूर्य भिंतीच्या किंवा खांबाच्या आड ठेवावा. त्याच्याकडे थेट पाहू नये.

पिंजलेल्या कापसासारख्या उंच, विरळ सिरस ढगांत बर्फाचे षटकोनी, चकतीसारखे स्फटिक असतात. गळणारे पान आडवे तरंगत उतरते, तशा या चकत्या हवेच्या विरोधामुळे सपाट बाजू खाली ठेवून पडतात. त्यांच्या कडेच्या सहा बाजू उभ्या राहतात. एका बाजूतून शिरलेला किरण लगतची बाजू सोडून तिच्या पुढच्या बाजूतून बाहेर पडतो. या दोन बाजूंमधला कोन ६०° असल्यामुळे चकती लोलकाचे काम करते. बर्फाचा अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याच्या क्षमतेचे माप) सुमारे १.३१ असल्याने या वाटेने जाणारा किरण २२° पेक्षा फारसा कमी वळूच शकत नाही. चकत्या स्वतःभोवती कशाही फिरलेल्या असल्या, तरी पुष्कळसे किरण या किमान वळणाच्या आसपासच गोळा होतात आणि तिथे तेज दाटते. तांबडा प्रकाश सर्वांत कमी वळतो, म्हणून तो आतल्या कडेला. जास्त वळलेले बाकीचे रंग एकमेकांवर पडून फिकटतात आणि त्यांचीच शेपटी होते. चकत्या जितक्या डुलतात, तितके ठिपके उभे ताणले जातात.

स्फटिक अस्ताव्यस्त कलंडलेले असतील, तर ठिपक्यांऐवजी पूर्ण कडे दिसते. तेच आपल्याकडचे खळे. सूर्य क्षितिजावर असताना प्रतिसूर्य या खळ्यावरच बसतात, तो चढू लागला की बाहेर सरकतात आणि सुमारे ६१° च्या वर उमटतच नाहीत. म्हणून मे महिन्यातल्या भर दुपारी महाराष्ट्रात सूर्याला खळे पडलेले दिसेल, प्रतिसूर्य दिसणार नाहीत. ते सकाळी किंवा उतरत्या उन्हात पाहावेत. प्रतिसूर्यासाठी बर्फाळ प्रदेशच हवा, हा समज चुकीचा आहे: जमिनीवर उकाडा असला तरी सिरस ढगांच्या उंचीवर बारमाही गोठवणारी थंडी असते.

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत प्रतिसूर्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला. सूर्याच्या उत्तरेला प्रतिसूर्य दिसला तर पाऊस, दक्षिणेला दिसला तर वारा, दोन्हीकडे दिसले तर पाण्याचे भय, असे तो सांगतो. फलिते बाजूला ठेवली, तरी त्यामागचे निरीक्षण दाद देण्याजोगे आहे: सूर्य पूर्वेला किंवा पश्चिमेला असतो, तेव्हा त्याच्या दोन बाजू उत्तर आणि दक्षिणच असतात.

२० एप्रिल १५३५ रोजी स्टॉकहोमच्या आकाशात प्रतिसूर्य आणि वलयांचा मोठा देखावा दिसला. धर्मसुधारक ओलाउस पेत्रीने त्याचे चित्र काढून घेतले. मूळ चित्र हरवले. १६३६ मधली त्याची प्रत तिथल्या स्टूरशिर्कान चर्चमध्ये आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच शास्त्रज्ञ एद्म मारिओत याने ६०° कोनाच्या बर्फस्फटिकांतून होणारे अपवर्तन हे २२° चे मूळ असल्याचे दाखवले.